रोखीचं गिऱ्हाईक

आमच्या थोरल्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं आणि कॅम्पातल्या एका रुग्णालयात तिला नोकरी लागली. अल्हम्दुलिल्लाह. रुजू व्हायची तारीख १५ सप्टेंबर २०२५. ड्युटी कधी सकाळी सातची, कधी रात्री नऊला सुटणारी. आम्ही राहतो कोंढव्यात, मिठानगरच्या आतल्या गल्लीत. पहाटेची बस वेळेवर आली तर आली. रिक्षा केली तर एका फेरीला शंभर-सव्वाशे जाणार, आणि रात्री तर रिक्षावाला कोंढवा म्हटल्यावर मान फिरवतो. तेव्हा मुलीला स्कूटर घ्यायची, असं घरात ठरलं. अब्बांनी, म्हणजे तिच्या दादांनी, एकच अट घातली. गाडी व्याजावर घ्यायची नाही.

ही अट आम्हालाही मान्य होती, पण खोटं कशाला बोला, ती सोपी नव्हती. आमच्याच घरात काही वर्षांपूर्वी फ्रिज हप्त्यावर आला होता, तेव्हा आम्ही डोळे झाकून सही केली होती. त्यामुळे हप्त्यावर गाडी घेणाऱ्या कुणाला नावं ठेवायचा आम्हाला हक्क नाही. या वेळी मात्र जमवून बघायचं ठरवलं. मोहल्ल्यातल्या पंधरा जणींची भिशी होती, महिना चार हजारांची. आमचा नंबर ऑगस्टमध्ये लागला आणि साठ हजार हातात आले. घरात साठवलेले बेचाळीस हजार होते. एकूण एक लाख दोन हजार.

आमची कल्पना अशी, की रोख पैसे घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार डोक्यावर घेईल. १ सप्टेंबरला आम्ही दोघं नवरा-बायको आणि लेक शोरूममध्ये गेलो. काचेचं दार, थंड हवा, पाण्याच्या छोट्या बाटल्या. एका हसतमुख मुलाने खुर्च्या दिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हप्ता किती बसवू, मॅडम?"

"हप्ता नको. सगळे पैसे भरणार आहोत."

त्याचं हसू एकदम गेलं असं नाही, पण जरा उतरलं. "झिरो टक्के व्याजाची स्कीम आहे. व्याज नाहीच त्यात, फक्त प्रोसेसिंग फी आणि फाइल चार्ज." आम्ही पुन्हा नको म्हणालो. तेव्हा त्याने खुर्ची थोडी मागे घेतली आणि म्हणाला, "कॅशच्या फाइलला वेळ लागतो. दहा-बारा दिवस धरून चला."

पैसे तयार असताना वेळ जास्त का लागावा, हे आम्हाला कळेना. पुढे या धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की कर्ज जुळवून दिलं की फायनान्स कंपनीकडून दुकानाला आणि विकणाऱ्या मुलाला काही रक्कम मिळते. विम्यावरही मिळते. नुसती गाडी विकण्यात त्यांचा नफा बेताचाच असतो. म्हणजे आम्ही जे भूषण समजत होतो ते त्याच्या दृष्टीने तोट्याचं गिऱ्हाईक होतं. त्या मुलाचा पगार किती, त्याला महिन्याला किती फाइलींचं टार्गेट, हे आम्हाला ठाऊक नाही. राग त्याच्यावर काढून उपयोग नव्हता, पण आला.

मग त्याने एका कागदावर आकडे लिहून दिले. गाडीची किंमत ८०,०००. रस्ता कर आणि नोंदणी ९,५००. विमा ७,२००. 'अत्यावश्यक किट' ३,४००. 'हँडलिंग आणि इतर' १,८५०. एकूण १,०१,९५०. आमच्याकडे किती पैसे आहेत हे जणू त्याला आधीच कळलं होतं! किट म्हणजे काय, तर पायाखालचं रबर, सीटचं कव्हर आणि दोन लोखंडी दांडे. हेल्मेट? "ते सध्या स्टॉकमध्ये नाही, बाहेरून घ्या." हँडलिंग म्हणजे काय? "ते सगळ्यांनाच असतं."

आम्ही पाच हजार देऊन बुकिंग केलं. पावती घेतली. एवढं एक शहाणपणाचं काम त्या दिवशी झालं.

रात्री अब्बांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि त्यांची चेतकची गोष्ट सुरू झाली. घरात ती सगळ्यांना पाठ आहे, तरी इथे सांगतो. आपल्या आकुर्डीत बजाजचा कारखाना, १९७२ पासून तिथे चेतक निघायची, आणि तरी पुण्यातल्या माणसाला ती मिळायला वर्षानुवर्षं लागायची. कारण किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र लवकर मिळायची. त्यामुळे ज्याचा भाऊ कुवेत-दुबईला, त्याच्या दारात चेतक. अब्बांचे थोरले भाऊ कुवेतला होते. त्यांनी पैसे पाठवले आणि मोहल्ल्यातली तिसरी स्कूटर आमच्या घरी आली. "तेव्हा दुकानदाराला गिऱ्हाइकाची गरजच नव्हती," अब्बा म्हणाले, "पण कागदावर जे लिहिलेलं तेवढेच पैसे घेतले. वर एक पैसा नाही." मग त्यांनी 'हँडलिंग' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय असतं?"

आम्हाला सांगता आलं नाही. तेव्हापासून आम्ही चौकशीला लागलो.

दोन दिवसांनी, ३ सप्टेंबरच्या रात्री, बातमी आली. जीएसटी परिषदेने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला होता, २२ सप्टेंबरपासून. आम्ही पेन घेऊन बसलो. ८०,००० मध्ये गाडीची मूळ किंमत ६२,५०० आणि बाकीचा कर. अठरा टक्क्यांनी तीच गाडी ७३,७५० ला. म्हणजे ६,२५० रुपये वाचणार. रस्ता करही किमतीच्या टक्क्यांत असतो, तोही थोडा उतरणार.

दुसऱ्याच दिवशी सकाळी शोरूममधून फोन आला. "मॅडम, तुमची गाडी आली आहे. आजच उरलेले पैसे भरा, उद्या गाडी घेऊन जा."

दहा-बारा दिवसांचं काय झालं, हे आम्ही विचारलं नाही. ईद-ए-मिलाद होऊ दे, विसर्जनाची गर्दी ओसरू दे, मग येतो म्हणालो. ९ तारखेला गेलो तर शोरूम सुनंसुनं. तो मुलगा म्हणाला, "पितृपक्ष चालू आहे ना, गिऱ्हाईक नाही. पण तुम्हाला त्याचं काही नसतं. तुम्ही आजच बिल करून घ्या." त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे आम्हाला समजलं. तरी गाडी घेऊन जाणारे आपण एकटेच आणि सहा हजार जादा देणारेही आपण एकटेच, हे काही पटेना.

"२२ नंतर बिल केलं तर?"

"बुकिंग आधीचं आहे. दर बुकिंगच्या दिवशीचाच लागणार."

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक हिशेबनीस राहतात, लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरतात. त्यांनी जिन्यातच उभं राहून समजावलं. बुकिंगच्या तारखेने दर ठरत नाही. पूर्ण पैसे आणि बिल दोन्ही २२ च्या आधी झाले तर जुना दर. गाडी आणि बिल दोन्ही २२ नंतर, तर नवा दर. "भाभी, एवढंच करा, घाईने पैसे भरू नका."

मग घरात हिशेब झाला. १५ पासून लेकीची नोकरी सुरू. आठवडाभर दोन्ही वेळची रिक्षा धरली तर पंधराशेच्या आसपास. थांबणं परवडत होतं. सकाळी सहाला बाप-लेक बसस्टॉपवर, बस नाही आली तर रिक्षा. एक दिवस पावसात दोघं भिजून गेले आणि लेक ओल्या सलवारीतच ड्युटीवर उभी राहिली. त्या रात्री आम्हाला वाटलं, सहा हजारांसाठी पोरीला का त्रास देतोय? तीच म्हणाली, "थांबा. भिशीचे पैसे आहेत ते."

२३ तारखेला पुन्हा गेलो. आता शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. घटस्थापना झालेली, कर उतरलेला, दसरा तोंडावर. हार, पेढे, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्ल्या हातात घेऊन फोटो. आमच्या मुलाने आम्हाला ओळखलं, पण लांबूनच हात केला. तासाभराने कागद समोर आले. किंमत नव्या दराने लावली होती, हे मान्य केलं पाहिजे. आम्ही बाकीचे कागद वाचायला लागलो. त्यात नमुना २१ असतो, विक्रीचा दाखला. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या साली बनली ते लिहावं लागतं. तिथे लिहिलं होतं, नोव्हेंबर २०२४.

"ही गाडी दहा महिन्यांची आहे?"

"नवी आहे, मॅडम. झिरो किलोमीटर."

"पण बनली गेल्या नोव्हेंबरात."

तो घामाघूम झालेला, मागे चार माणसं उभी. तो म्हणाला, "गाडी काय भाजी आहे का, शिळी व्हायला?"

आजूबाजूचे हसले. आम्हीही क्षणभर हसलो, पण चूक आमची नव्हती. बॅटरी आणि टायर उभ्या उभ्याही जुने होतात, आणि उद्या गाडी विकायला काढली तर घेणारा बनल्याचं सालच बघतो. जुना साठा विकणं गुन्हा नाही. कित्येक दुकानदार सांगून, सूट देऊन विकतात. इथे सांगितलं नव्हतं. मॅनेजर आले, चांगले बोलले, दुसरी ऑगस्टमध्ये बनलेली गाडी देतो म्हणाले. "फक्त किट आणि आमचा विमा घ्यावाच लागेल, तसा आमचा नियम आहे."

तोवर आम्ही थोडं शिकून गेलो होतो. एक वस्तू घ्यायची असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट घालणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये चुकीची व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून. पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा हे घेणाऱ्याने ठरवायचं, आणि त्याचा दरही सरकारच ठरवतं: ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा त्यावर वेगळा. आयएसआय मार्कचं हेल्मेट गाडीसोबत द्यायची जबाबदारी तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्पादकावरच टाकली आहे. हे सगळं आम्ही त्या गर्दीत फाडफाड बोललो असं समजू नका. निम्मं अडखळत बोललो, विमा आणि हेल्मेटची गोष्ट तर उलटसुलट झाली. शेवटी लेकीने हळूच म्हटलं, "अब्बू, बुकिंग परत मागा."

मॅनेजर म्हणाले, पाचशे कापले जातील. आम्ही तिथेच कोऱ्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला. बुकिंगची तारीख, पावतीचा क्रमांक, गाडी बनल्याचा महिना, किटची अट. दोन प्रती, एकीवर पोच मागितली. शिक्का मारताना मॅनेजरांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. अकरा दिवसांनी पूर्ण पाच हजार खात्यात जमा झाले. आले नसते तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवला होता. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली आपल्या याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केली, आणि आपण मात्र बिल मागायला लाजतो.

त्या रात्री अब्बा फारसं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतलं धान्य ओलं लागलं होतं, आणि ओलं वर ठेवायला काय झालं, असं त्यांनी विचारलं होतं. नोव्हेंबर महिना ढिगाच्या आत होता, एवढंच.

गाडी शेवटी दुसरीकडे मिळाली, हडपसरच्या बाजूला, छोट्याशा दुकानात. तिथल्या मुलाचा पहिला प्रश्न होता, "चालवणार कोण?" लेक पुढे झाली. त्याने तिला गाडीवर बसवलं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकतात का ते बघितलं. आम्ही ठरवून गेलेल्या गाडीवर तिच्या टाचा वर राहत होत्या. "ताई, सिग्नलला गाडी कलली तर सांभाळणार नाही तुम्हाला," म्हणून त्याने त्याच किमतीची जरा बुटकी गाडी दाखवली. पहिल्या शोरूममध्ये तीन फेऱ्या झाल्या, पण लेकीला गाडीवर बसायला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही सुचलं नव्हतं. हप्त्याचं त्यानेही विचारलं, रोख म्हटल्यावर "बरं" म्हणून पुढे गेला. बिलातली प्रत्येक ओळ वाचून दाखवली. किंमत ७३,७५०, रस्ता कर आणि नोंदणी ८,९००. विमा आमच्याच ओळखीच्या एजंटाचा, ५,९००. सगळे मिळून ८८,५५०. हेल्मेट त्याने न मागता काउंटरवर ठेवलं.

नोंदणीचा क्रमांक पडल्याशिवाय गाडी बाहेर नेता येत नाही, म्हणून तीन दिवस गेले. न्यायला गेलो तेव्हा तो हार हातात घेऊन थांबला होता. "हार घालू का, की तुमच्यात वेगळं काही करतात?" त्याने विचारलं. आम्ही म्हटलं, घाला की, फुलांना कोण नाही म्हणतो. नारळ मात्र त्याच्याकडेच राहू दिला. लेकीच्या अम्मीने हँडलवर हात ठेवून दुआ मागितली, तेवढा वेळ तो बाजूला उभा राहिला.

एक गोष्ट मात्र त्या दुकानातही कुणी सांगितली नाही, म्हणून बहिणींसाठी मुद्दाम लिहितो. ओढणी, बुरखा, अबाया यांचा घोळ मागच्या चाकात जातो. दरवर्षी अशा दुर्घटना कानावर येतात. चाकावरचं गार्ड नीट झाकणारं हवं, आणि बसण्याआधी पदर गुंडाळून मांडीखाली घ्यायला हवा. आमच्या गाडीचं गार्ड अरुंद वाटलं, म्हणून आम्ही नाना पेठेत गेलो. तिथे सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगेत एक चाचा बसतात, अब्बांच्या चेतकपासून आमची ओळख. त्यांनी जुनं गार्ड काढलं, रुंद जाळीचं बसवलं, नट दोनदा आवळले, आणि लेकीला म्हणाले, "बेटा, पहिल्या पाचशे किलोमीटरला जोरात पळवू नकोस."

"चाचा, किती झाले?"

"साडेचारशे दे. तुझ्याकडून काय जास्त घ्यायचं."

आम्ही पैसे दिले आणि निघायला लागलो. तेवढ्यात लेक म्हणाली, "बिल?"

चाचा हसले. "बिल? आपल्यात बिल कसलं?"

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर ज्या गोष्टीसाठी परक्यांशी भांडलो ती आपल्या माणसाकडे मागायला जीभ उचलेना. ओळखीच्या जागी बिल मागितलं तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, आणि ओळखीच्याच जागी आपण कधी विचारतही नाही. लेक मात्र तशीच उभी. "चाचा, गार्ड ढिलं झालं तर मी काय दाखवू?"

चाचांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली, हे खरं. ते आत गेले, ड्रॉवरमध्ये बराच वेळ शोधलं, आणि धूळ बसलेलं बिलबुक घेऊन आले. वरच्या पानावर शाई उमटेना, म्हणून पेन दोनदा झटकलं. गार्डचे तीनशे, नट-बोल्टचे तीस, मजुरी पन्नास. बेरीज झाली तीनशे ऐंशी. चाचांनी आकड्याकडे पाहिलं, खिशातून सत्तर रुपये काढले आणि काही न बोलता लेकीच्या हातावर ठेवले.